दोन कोरड्या पायऱ्या

आमच्या सांगलीच्या घरात चामडं येत नसे. साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते. आम्ही जैन, आणि माझी आई त्यातही कडक. चातुर्मासात मुनिमहाराज आहारासाठी दारावरून जायचे, त्यांच्यासाठी तिचा चौका, म्हणजे सोवळ्यातलं स्वयंपाकघर, कायम तयार असायचा. चामडं वापरणारं माणूस त्या चौक्याकडं फिरकलेलं तिला चालत नसे. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पट्टा कापडी होता. घड्याळाला स्टीलची साखळी. चपला रबरी, त्याही जोत्याखाली. पाहुणे आले की आईची नजर आधी त्यांच्या कमरेकडं जाई, मग तोंडाकडं.

आणि अशा घरात अण्णांनी लग्नानंतर वर्षभरातच चामड्याच्या बांधणीचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यांचं शिक्षण साताऱ्याला वसतिगृहात राहून झालं होतं. तिथल्या त्यांच्या गणिताच्या गुरुजींनी, थकल्यावर, त्यांना मुद्दाम बोलावून घेऊन ते हातात दिलं. गुरूनं दिलेलं परत कसं करणार, आणि बायकोनं नको म्हटलेलं आत कसं नेणार? सातारा ते सांगली एसटीत अण्णा हाच विचार करत बसले असणार. त्यांनी काढलेला तोडगा पुढं ते असेपर्यंत, चव्वेचाळीस वर्षं, टिकला. पुस्तक उंबऱ्याच्या बाहेर, सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बाकाखालच्या पत्र्याच्या पेटीत राहिलं.

पुस्तक शंभराहून जास्त वर्षांचं होतं. चामडं मुळात कोणत्या रंगाचं होतं कुणास ठाऊक, मला आठवतं ते जुन्या गुळाच्या रंगाचं. पाठीवर चार आडवे उंचवटे, त्यांच्यामधली सोनेरी अक्षरं जवळपास पुसलेली. लेखक मोठा अजब गृहस्थ होता. धंद्यानं वैद्य. पण ग्रहणाचं गणित स्वतः मांडायचा, भिंगं घासून त्यानं दुर्बीण केली होती, झाडपाल्याची चित्रं काढायचा, कानडी आणि संस्कृत दोन्ही जाणायचा आणि सतारही वाजवायचा म्हणे. आज त्याचं नाव कुणालाही माहीत नाही. एवढं सगळं येणाऱ्या माणसानं लिहावं कशावर? मिठावर. उशिरा पोचण्यावर. म्हातारी माणसं तेच तेच का सांगतात यावर. डाव्या हातावर त्याचा एक निबंध होता, तो अण्णांचा आवडता. उजवा हात लिहीत असतो तेव्हा डावा गुमान कागद धरून बसलेला असतो, असं काहीसं त्यात होतं.

अण्णा पलूसच्या शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळच्या एसटीनं यायचे, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकायची, आणि मग ते सोप्यातल्या बाकावर मांडी घालून बसायचे. पेटीतून पुस्तक काढायचे आणि मोठ्यानं वाचायचे. मी उंबऱ्यावर बसायचे, पाय बाहेर, पाठ आत. आत आई भांडी घासत असायची. तिनं कधी हूं की चूं केलं नाही. वाचून झालं की अण्णा पुस्तक पेटीत ठेवायचे, बाहेरच्या बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुवायचे आणि मगच आत यायचे. थंडीत घोंगडं पांघरून बसायचे. पावसाळ्यात वाऱ्यानं पाणी सोप्यात आलं की पुस्तक पोटाशी धरून पाठ पावसाकडं करायचे.

एकदा मी विचारलं, "अण्णा, तुम्ही आत बसून का वाचत नाही?"

"तुझ्या आईच्या घरात ते बसत नाही, आणि मला ते टाकवत नाही. मग मीच बाहेर बसतो. कुणाचं काही बिघडत नाही."

मला मात्र बिघडतंय असंच वाटायचं. स्वतःच्या घराच्या दारात पाहुण्यासारखा बसलेला बाप मला बघवत नसे. मी त्यांचा पक्ष घेतला आणि तो कधी सोडला नाही. माझ्या आणि आईच्या भांडणांची कारणं वरून वेगवेगळी दिसायची, केसांची वेणी, कॉलेजचं गाव, लग्नाचं वय. पण तळाशी बाकावरचे अण्णाच असायचे.

पुढं मी साताऱ्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले, तिथलीच झाले. अण्णा निवृत्त झाले आणि काही वर्षांनी अंथरुणाला खिळले. त्यांची कॉट आतल्या खोलीत होती. तिथून सोपा दिसत नसे, फक्त उंबऱ्यापर्यंतचा उजेड दिसायचा. मी रजा काढून गेले होते. एका संध्याकाळी त्यांनी पुस्तक मागितलं. मी पेटीतून काढून उंबऱ्याशी आले, तर आई मध्ये उभी.

"तिथनंच वाच," ती म्हणाली.

"आई, त्यांना निदान हातात तरी घेऊ दे."

आतून अण्णांचा आवाज आला, "नको. तिथनंच वाच. ऐकू येतंय मला."

मी सोप्यात बसून वाचलं. मुद्दाम मोठ्यानं, काही दुःखानं आणि बरंचसं रागानं. मला वाटलं, मरतानाही हा माणूस बायकोला भितो. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले. ते पुस्तक पुन्हा त्यांच्या हाताला लागलं नाही, ही गोष्ट मी आईच्या नावावर मांडून ठेवली.

आता मला सांगायला लाज वाटते, पण मी त्यानंतर सांगलीला गेले की मुद्दाम चामड्याची पर्स घेऊन जायचे. आत जायचे आणि ती जेवणाच्या टेबलावर ठेवायचे. आई काही बोलायची नाही. वर्तमानपत्राचा कागद घ्यायची, त्यात पर्स धरायची आणि बाहेर बाकावर नेऊन ठेवायची. मग हात धुवून यायची आणि मला वाढायची. पन्नाशीतली प्राध्यापिका आणि सत्तरीतली तिची आई यांच्यात हा खेळ कितीतरी वर्षं चालला. खाण तशी माती.

पुस्तक साताऱ्याला नेऊ का, असं मी दर खेपेला विचारायचे. "राहू दे की हितंच," एवढंच उत्तर. मला याचाही राग यायचा. स्वतः शिवणार नाही आणि दुसऱ्याला देणार नाही. अण्णा गेल्यावर त्या पेटीचं झाकण कुणी उघडत नव्हतं. आई रोज पेटीवरची धूळ फडक्यानं पुसायची आणि तिथूनच मागं फिरायची.

मग त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं. सकाळी आईचा फोन आला तेव्हा ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत होतं. आमच्या घराचा जिना सोप्यातून वर जातो, चौदा दगडी पायऱ्या, वर एक खोली. त्या खोलीत शास्त्रांच्या पोथ्यांचं कपाट, म्हणून तिथंही चामडं वर्ज्य. आई धान्य आणि अंथरुणं वर नेत होती. शेजारची एक बाई तिच्या मदतीला होती. हळदीच्या वखारीत हळद निवडायला जायची ती, गल्लीच्या तोंडाशी खोली करून एकटीच राहायची, माणसं तिची पलूसकडं गावी. तिची खोली आधीच पाण्यात गेली होती.

मी फोनवर म्हणाले, "अण्णांचं पुस्तक वर ने."

पलीकडं डबे सरकवल्याचा आवाज.

"आई, ऐकतेस ना? पुस्तक."

"बघते," ती म्हणाली. दुपारनंतर फोन लागेना. साताऱ्याहून निघालेल्या गाड्या कराडपुढं जात नव्हत्या. त्या दिवसांत मी आईची काळजी केली, पुष्कळ केली. पण काळजी करता करता मध्येच ती पेटी डोळ्यांसमोर यायची हेही खरं आहे.

आठव्या दिवशी मी पोचले. घरात गुडघाभर गाळ. आई वरच्या खोलीत चटईवर बसली होती, वाळलेली, ओठ फुटलेले. होडीतून जेवणाची पाकिटं आली होती ती तिनं दोन दिवस घेतली नाहीत, असं गल्लीतल्या कुणीतरी मला खालीच सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, इथंही हिचं सोवळं. मी तिच्याजवळ बसले, हात हातात घेतला. मग विचारलं, "पुस्तक?"

तिनं शेजारचं पांढरं फडकं पुढं केलं. सोडलं तर आत नुसती पानं. पुठ्ठे नाहीत, चामडं नाही. पाठीकडून जाड दोऱ्यानं ओवलेली पानांची चळत.

"चामडं कुठं गेलं?"

"काढलं."

"का?"

"वर आनायचं हुतं."

मी उठले आणि जिन्यात गेले. मी रसायनशास्त्राची बाई, पुरावा बघितल्याशिवाय बोलायची नाही अशी माझी ख्याती. भिंतीवर गाळाची रेघ होती. ती बाराव्या पायरीला थांबली होती. वरच्या दोन पायऱ्या स्वच्छ, कोरड्या. मी परत आले ती पेटलेली.

"आई, दोन पायऱ्या कोरड्या आहेत. पेटी सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली असतीस तरी पुस्तक जसंच्या तसं राहिलं असतं. खोलीच्या बाहेरच राहिलं असतं, तुझ्या नियमाप्रमाणं."

"तवा कुठं ठावं हुतं पानी कुठवर चढंल ते."

"ठाऊक नव्हतं म्हणून की संधी मिळाली म्हणून? चव्वेचाळीस वर्षं त्यांना बाहेर बसवलंस. ते गेल्यावर तरी सोडायचं होतंस. अण्णांचं कातडं सोललंस तू."

हे वाक्य मी बोलले. ते कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. आईनं पानांची चळत माझ्याकडं सरकवली. ती म्हणाली, "पानं समदी हायत. मोजून घे."

आणि मी मोजली. आठ दिवस पुराच्या पाण्यावर काढलेल्या म्हातारीसमोर बसून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं मोजली. एकही कमी नव्हतं. बरोबर आहेत एवढंसुद्धा मी म्हटलं नाही. चळत फडक्यावर ठेवली आणि म्हणाले, "ठेव आता तुझ्याजवळच. यात अण्णांचं काही राहिलेलं नाही."

त्यानंतर आई अडीच वर्षं जगली. मी महिन्यातून एकदा जायचे. गाळ काढून घेतला, रंग दिला, औषधं आणून दिली, डॉक्टरांकडं नेलं. लेकीनं करायचं ते सगळं केलं, बोलायचं तेवढं बोलले नाही. पुस्तकाचं नाव पुन्हा दोघींपैकी कुणी काढलं नाही. एका सकाळी ती चौक्यात पडली. मी साताऱ्याहून पोचले तेव्हा ती बोलण्यापलीकडं गेली होती. डोळे उघडे होते, मला ओळखलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर पुस्तक मला चौक्यातच सापडलं, मसाल्याच्या डब्याशेजारच्या फळीवर, त्याच पांढऱ्या फडक्यात. पानांचे खालचे कोपरे पिवळे झालेले. हळदीच्या हातानं उचललंय आणि ठेवलंय, असं मनात म्हणत मी ते साताऱ्याला आणलं. काही महिने ते कपाटात पडून होतं. मग मी ठरवलं की त्याला पुन्हा चामड्याची बांधणी करायची, होती तशी. आईनं काढलेलं मी परत घालणार होते. ती गेल्यावरही माझा तिच्याशी वाद संपलेला नव्हता.

सांगलीचं घर विकायचं ठरलं होतं, ते आवरायला निघाले तेव्हा वाटेत कराडला उतरले. एसटी स्टँडमागं एक म्हातारे बाइंडर आहेत. शाळांची रजिस्टरं बांधतात, इंजिनीयरिंगच्या पोरांचे प्रबंध बांधतात, आणि कुणी आणलंच तर जुनी पुस्तकंही. त्यांनी फडकं सोडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ नुसती पाठ चाचपत बसले.

"हे कुनी काढलं?"

"माझ्या आईनं. पुरात. कापून टाकलं चामडं."

"कापलं न्हाई, बाई," ते म्हणाले. "उसवलंय. हे बघा. कापलं असतं तर हितं सुरीचं वार दिसलं असतं, पानं फाटली असती. ह्यात एक पान दुखावलेलं न्हाई. एकेक टाका सोडवून जुज सुटं केलंय." जुज म्हणजे एकात एक घातलेल्या पानांची जुडी, हे त्यांनीच मला दाखवलं. "आनि परत शिवलं बी हाय. टाका आमचा न्हवं. वाकळंचा टाका हाय ह्यो."

आई वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची. गल्लीतल्या अर्ध्या बाळंतिणींना तिच्या वाकळी गेल्या होत्या. मी तो जाड दोरा पहिल्याच दिवशी बघितला होता आणि काहीतरी गुंडाळून ठेवलंय असं समजले होते.

"एक कळंना मला," बाइंडर म्हणाले. "पाठीवरचा चिकटवायचा सरस बी सगळा काढलाय. पान्याच्या बोटानं भिजवून भिजवून, खरवडून. एवढं कशाला? चामडं काढलं तर काढलं, सरसानं काय बिघडत हुतं? दीड-दोन दिसाचं काम हाय हे."

सरस कशाचा करतात हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं आहे. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून. आईला ते कुणी शिकवलं होतं ठाऊक नाही, पण तिला ठाऊक होतं. मी पुस्तक पुन्हा फडक्यात बांधून घेतलं. मी म्हणाले की चामड्याचा रंग परत येताना ठरवते.

"आनि कडा कापाव्या लागतील जराशा," ते म्हणाले. "हळदीचं डाग हायत. कापलं की पुस्तक सोच्छ दिसंल."

"तेही परत येताना सांगते."

सांगलीत घर उघडलं तशी शेजारची ती बाई चहा घेऊन आली. आम्ही दोघी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. मी तिला कधी काही विचारलं नव्हतं. आता सरळ विचारलं, पुरात पुस्तकाचं काय झालं.

तिनं कप खाली ठेवला. "आवं ताई, तुमास्नी सांगू नको म्हनाल्या हुत्या काकी. पन आता त्या कुठं हायत." मग ती बोलली. "पयल्या दिशी पानी सोप्यात आलं तवा काकींनी पेटी तिसऱ्या पायरीवर ठेवली. पानी चढलं की येक पायरी वर. परत येक पायरी वर. दिसभर त्येच. मी म्हनलं, आवं काकी, खोलीत घ्या की सरळ. हितं बुडायची पाळी आली, देव काय बघत बसलाय व्हय?"

"मग?"

"म्हनाल्या, देव न्हाई बघत. मी बघती न्हवं का?"

ती सांगत होती आणि मी मागं वळून पायऱ्या मोजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आठव्या पायरीला लागलं. आईनं पेटी वरच्या पायरीवर आणली, तिथंच बसली, वाकळेची सुई घेतली आणि पुस्तक उसवायला सुरुवात केली. पाणी चढत होतं आणि ती टाके काढत होती. वीज नव्हती. दिवसाचा उजेड होता तोवर ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. चामडं तिनं दोन्ही हातांत धरलं, कपाळाला लावलं आणि पाण्यात सोडलं.

"कपाळाला?" मी विचारलं. आयुष्यात चामड्याला बोट न लावलेली बाई.

"व्हय. आनि मग दोन दिस उपास धरला. होडीवाल्यांनी जेवान आनलं तर म्हनाल्या, मला प्राश्चित हाय. त्याला शिवली मी."

पाकिटं न घेतलेले ते दोन दिवस. मी तेव्हा काय समजले होते ते मी वर लिहिलंच आहे.

"मी इचारलं तवा," ती बाई पुढं म्हणाली. "म्हनलं, काकी, येवढा जीव हाय त्या पुस्तकात तर हाय तसं आत घेतलं असतं, कोन काय म्हननार हुतं? तर म्हनाल्या, माझ्या येका शब्दावर त्यो मानूस आयुष्यभर थंडीवाऱ्यात भाईर बसला. मराय टेकला तरी म्हनला न्हाई, आत आन. आता पानी आलं म्हून मी सहज आत घेतलं, तर मग त्यास्नी येवढी वर्सं भाईर बसवलं ते कशापायी?"

अण्णांचा आतल्या खोलीतून आलेला आवाज मला ऐकू आला, तिथनंच वाच. तो भिऊन आलेला नव्हता. त्या दोघांचं ते काहीतरी होतं, आणि मी त्यांच्या मध्ये उंबऱ्यावर बसून आयुष्यभर न्यायनिवाडा करत राहिले.

"माझं बोलणं तुम्ही ऐकलं होतं?" मी विचारलं. "कातडं सोललं म्हणाले ते?"

"मी खाली गाळ काढत हुते. ऐकलं."

"ती काय म्हणाली नंतर?"

"काय न्हाई. म्हनाल्या, बापाची लेक हाय, बोलनारच."

मग तीच हसून म्हणाली, "पन पुस्तक वाचलं बरं का काकींनी. रोज थोडं थोडं. भाकऱ्या झाल्या की चौक्यात बसून, मोठ्यांदा. मी म्हनलं, कुनाला वाचून दावताय? तर म्हनाल्या, येवढी वर्सं त्यांनी मला वाचून दावलं, आता माझी पाळी. मिठाचं काय हाय न्हवं त्यात, ते वाचून लय हसायच्या. म्हनायच्या, ह्या शान्या मानसानं जल्मात कवा आमटी केली न्हाई."

ती गेल्यावर मी फडकं सोडलं आणि पुस्तक गुडघ्यावर घेतलं. पिवळं बोट पहिल्या पानापासून होतं. मीठ, उशीर, डावा हात, म्हातारी माणसं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर, उलटताना जिथं बोट लागतं तिथं. मी एकेक पान उलटत गेले आणि शेवटाकडं एका ठिकाणी पिवळं थांबलं. पुढची अकरा पानं पांढरी होती. ज्या सकाळी ती चौक्यात पडली त्या सकाळी ती इथवर पोचली होती.

मला वाटलं होतं की मी रडेन. रडू आलं नाही. त्या जिन्यावर बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा डोक्यात येत होती, की तिनं मोजून घे म्हटलं तेव्हा मी मोजली.

परतताना कराडला उतरले. बाइंडरनी चामड्याचे तीन तुकडे काढून ठेवले होते, एक तर अगदी जुन्या गुळाच्या रंगाचा. तो हातात घेऊन त्यांनी उजेडात धरला. चामडं चांगलं होतं, आधीचं असंच असणार.

"चामडं नको," मी म्हणाले. "कापडी करा. आणि सरसही नको. घरची खळ लावा, कणकेची."

"कापड लवकर इरतं, बाई. शंभर वर्सांचं पुस्तक हाय."

"विरू दे. पुन्हा घालू."

"बरं. आनि कडा?"

"कडा कापायच्या नाहीत. शिवणही उसवू नका. आहे तशीच राहू दे, वरून फक्त कापड."

त्यांनी चामड्याचे तुकडे गुंडाळून ठेवले. पंधरा दिवसांनी पुस्तक मिळालं, निळ्या खादीत, हलकं. ते घेऊन मी संध्याकाळी साताऱ्याला घरी आले. दाराशी थांबले, खांद्यावरची चामड्याची पर्स काढली आणि बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवली. मग पुस्तक घेऊन आत गेले. आईच्या दारात एवढं एकदा केलं असतं, तर ती काही बोलली नसती. पण तिला कळलं असतं.